न विकलेलं धुपाटणं

आमच्या गावच्या देवीवर, मातामायवर, माझी भक्ती होती की मला तिची नुसती भीती वाटत होती, हे पंचाहत्तरी आली तरी मला नक्की सांगता येत नाही. देवाधर्माच्या पुस्तकांत लोक आपले अनुभव लिहितात. कोणाच्या स्वप्नात देव येतो, कोणाला उजेड दिसतो. मला तसं काही दिसलं नाही. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. साकोलीच्या पलीकडच्या एका गावात तलावाखालची धानाची शेती केली, जन्मात दुसरं काही केलं नाही. पण माझी बायको पारबता मागच्या पौषात गेली आणि घर एकदम रिकामं झालं. जी गोष्ट मी तिच्यासमोर कधी धड कबूल केली नाही, ती आता लिहून टाकावी असं वाटतं. चूक माझी होती. ते आधीच लिहून ठेवतो, म्हणजे पुढं लपायला जागा राहणार नाही.

गोष्ट ऐंशी सालाच्या दोन-तीन वर्षं अगोदरची आहे. त्याच्याही तीन वर्षं आधी आमचं पहिलं लेकरू गेलं होतं. दोन दिवस पारबता घरीच कळा सोसत होती. सुईणीनं हात टेकले तेव्हा तिला बैलबंडीत टाकून सडकेवर आणली, एका ट्रकवाल्यापुढं हात जोडले. भंडाऱ्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत ती बोलायची थांबली होती. पोट चिरून पोरगा काढला. तो रडलाच नाही. माझ्या हातात दिला तेव्हा अंगानं गरम होता, आणि मी मूर्खासारखा म्हणत होतो, हा तर गरम आहे, हा तर गरम आहे.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला त्या दिवशी बजावलं होतं. "पुढच्या खेपेला कळांची वाट पाहायची नाही. आतला टाका जुना झाला तरी तो टाकाच असतो. जोराच्या कळा आल्या तर आतून उसवू शकतो. मग आईही जाईल आणि मूलही. दिवस भरत आले की इथं यायचं, आम्ही तारीख ठरवून पोट उघडू." हे शब्द मला पाठ झाले. शेतात चिखल करताना, बांधावर बसताना, जेवताना, माझ्या डोक्यात तेच चालू असायचं. आतून उसवेल. आईही जाईल.

पारबताला पुन्हा दिवस गेले तेव्हा आनंद झाला म्हणून लिहिलं तर ते खोटं होईल. सातवा महिना लागला तशी माझी माय म्हणाली, "पहिल्या वक्ती हे दिवेलागणीले पाळीवरून आली होती. तिथंच बाहेरचं लागलं तिले. यावक्ती तिले धुपाबाहेर ठेवू नोको." पाळ म्हणजे आमच्या तलावाचा बांध. त्याच्या टोकाला कडुनिंबाखाली शेंदूर लावलेले चार दगड आहेत, तीच आमची मातामाय. मी तिच्यापुढं डोकं टेकलं आणि बोललो, "माय, लेकरू हातात येईपर्यंत तुह्या धुपाचा विस्तव माह्या घरात विझू देणार नाही. माह्याच हातानं देईन. एक वक्त चुकणार नाही."

आमच्याकडं जंगलात सालईचं झाड असतं. त्याच्या सालीला चीर दिली की डिंक गळतो, आणि तो वाळला की त्याचा धूप होतो. मी स्वतः जाऊन गोळा करून आणला, चांगला डबाभर. फुटक्या माठाचं बूड, ज्याला आम्ही खापर म्हणतो, त्यात गोवऱ्यांचा विस्तव, वर डिंक आणि कडुनिंबाचा पाला. सकाळी एकदा आणि दिवेलागणीला एकदा मी ते खापर पारबताच्या खाटेखाली सरकवायचो आणि दार ओढून घ्यायचो. खोली एवढीशी, तिला एकच खिडकी. धान कापणी झाली, थंडी पडली, तशी ती खिडकीही मी तणसानं, म्हणजे धानाच्या पेंढ्यानं, गच्च भरून टाकली. बाहेरचं आत येऊ नये म्हणून.

पारबता तोंडाची तिखट होती. पहिल्या आठ दिवसांतच म्हणाली, "अजी, मले सुकवून ठेवता का मासोळीवानी?" मी तिच्यावर ओरडलो. म्हटलं, "देवाच्या कामात तोंड घालू नोको. एक लेकरू गेलं तेवढ्यानं पोट नाही भरलं का तुहं?" असलं बोललो मी. पोटुशी बाईला. ती त्यानंतर धुपाबद्दल एक शब्द बोलली नाही.

मग तिला खोकला लागला. आधी सकाळचा, मग दिवसभराचा. कोरडा, ढास लागणारा. ढास आली की ती एक हात पोटाखाली धरायची आणि दुसरा जुन्या टाक्यावर दाबायची, डोळ्यांतून पाणी वाहायचं. अडुळशाचा काढा झाला, हळदीचं दूध झालं, साकोलीच्या डॉक्टरची सुई झाली. काही उतार पडेना. गावातल्या बाया म्हणाल्या, थंडीचं आहे. माय म्हणाली, बाहेरचं तिच्याशी झुंजून राहिलं. मला मायचं पटलं. जितका खोकला वाढला तितका मी डिंक वाढवला. प्रत्येक ढासेला मला वाटायचं, आता टाका उसवतो. आणि मी धावत जाऊन खापरावर आणखी एक मूठ टाकायचो.

ऑपरेशनचा दिवस सोमवार ठरला होता. त्याच्या आधीच्या बुधवारी तपासणीला या म्हणून सांगितलं होतं, म्हणून आम्ही सकाळच्या एसटीनं निघालो. वैनगंगेच्या पुलावर गाडी आली तेव्हा मी पाण्याला हात जोडले. थैलीत एक छोटं खापर आणि डिंकाची पुरचुंडी होतीच. दवाखान्यात गेल्यावर मी तिथल्या आयाबाईला हळूच विचारलं, इथं एका कोपऱ्यात जरासा विस्तव करता येईल का. ती मोठ्यानं म्हणाली, "विस्तव? बाळंतिणीच्या वार्डात? येड लागलं का भाऊ तुमाले?" चार लोक हसले. मी थैली काखेत दाबून बसलो.

डॉक्टरीणबाई त्याच होत्या. त्यांनी पारबताची छाती मागून पुढून तपासली. ताप नव्हता. थुंकी तपासायला पाठवली होती, तिच्यात क्षयाचं काही निघालं नाही. बाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. मला म्हणाल्या, "हा खोकला असताना मी हिला टेबलावर कशी घेऊ? नाकातोंडावाटे भूल द्यावी तर छाती साथ देणार नाही. पाठीत सुई द्यावी तर सुई टोचताना ही हलता कामा नये. आणि पोट शिवल्यावर अशी ढास लागली तर टाके राहतील का? घरात धूर असतो का हो? चूल कुठं आहे?"

मी म्हटलं, "धूर नाही जी. चूल माय अंगणात पेटवते. ही तं चुलीजवळ जातच नाही."

पारबतानं माझ्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली. मी खोटं बोलतो आहे असं मला अजिबात वाटलं नाही, हे शपथेवर सांगतो. धूर म्हणजे चुलीचा, विडीचा, जळत्या तणसाचा. मी देत होतो ते देवाचं होतं. ते धूर या नावात बसतं हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

बाई म्हणाल्या, "हिला आजच भरती करा. सोमवारपर्यंत माझ्या नजरेखाली राहू दे. खोकला बसला तर ठीक, नाही तर नागपूरला पाठवावं लागेल."

"नाही जी," मी म्हटलं. "घरी काम हाय. सोमवारी आणतो."

"असं कोणतं काम आहे तुमचं, बायकोच्या जिवापेक्षा मोठं?"

काम म्हणजे विस्तव. इथं राहिलो तर संध्याकाळचा धूप चुकणार होता, नवस मोडणार होता. त्यांनी खोकल्याच्या औषधाची बाटली दिली आणि चिडूनच सांगितलं, "कळ आली तर मिळेल त्या गाडीनं आणा. एक तासही घरी काढू नका." दारातून बाहेर पडताना पारबता एवढंच म्हणाली, "रायलो असतो तं बरं झालं असतं." मी ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं.

साकोलीची गाडी सुटायला वेळ होता. माझ्या डोक्यात आलं की, खापर कमी पडत असेल. मातीचं फुटकं बूड, त्यात मातामायचा मान तो काय राहणार? चांगलं पितळेचं मोठं धुपाटणं घ्यावं, सोमवारपर्यंत घरी त्यात धूप द्यावा आणि मग ते पाळीवर मातामायला वाहून टाकावं. भंडाऱ्यात पितळेच्या भांड्यांची काय कमी? मी पारबताला भांड्यांच्या ओळीतल्या एका दुकानाच्या पायरीवर बसवलं आणि आत गेलो.

आत एक म्हातारा बसला होता. हडकुळा, डोक्याला मळका रुमाल, गुडघ्यात लोटा धरून त्याची कड कानशीनं घासत होता. मान वर न करता म्हणाला, "बोल."

"धुपाटणं पायजे बाबाजी. मोठं. जास्त धूप मावंल असं."

"घरासाठी का देवळासाठी?"

"अगोदर घरी, मंग मातामायले."

त्यानं फळीवरचं एक काढलं, धोतरानं पुसलं, माझ्यापुढं धरलं. साखळीचं, जाळीच्या झाकणाचं, सुरेख होतं. मी हात पुढं केला, आणि तेवढ्यात बाहेर पारबताला ढास लागली. म्हाताऱ्याचा हात तिथंच थांबला. ढास संपेपर्यंत तो कान देऊन ऐकत राहिला, गिऱ्हाइकानं भांडं वाजवून पाहावं तसं. मग त्यानं आवाज दिला, "बाई, आतमंदी येऊन बस. थंडीत कायले बसली?"

ती आत आली. तो म्हणाला, "तुह्या लुगड्यातला धुपाचा वास इथवर येऊन राहिला. कितवा महिना?"

"भरत आले जी. सोमवारी पोट फाडतेत," पारबता म्हणाली.

मग तो माझ्याकडं वळला. "घरात धूप कवापासून देतं?"

मी छाती फुगवून सांगितलं, "दोन महिने झाले. सकाळ-संध्याकाळ. एक वक्त नाही चुकवला."

"हिच्या खोलीत?"

"हिच्या खाटेखालीच."

"अन् खिडकी?"

"बुजवली नं जी. थंडी हाय."

म्हाताऱ्यानं धुपाटणं उचललं आणि परत फळीवर ठेवून दिलं. "नाही विकत."

मला कळेना. म्हटलं, "काहून जी? पैसे रोख देतो."

"तुहे पैसे तुह्या खिशात ठेव. हा थंडीचा खोकला नोहे पोरा. हा आमच्या भट्टीवरचा खोकला हाय. आईक." आणि तो स्वतः खोकला. मुद्दाम सुरू केलेला खोकला त्याला आवरता आला नाही. तो वाकला, कानस हातातून पडली. मी डोळे मिटले असते तर कोणता खोकला त्याचा आणि कोणता पारबताचा, मला ओळखता आलं नसतं.

दम आल्यावर तो म्हणाला, "माही बायको पंधरा वर्षं भट्टीचा भाता ओढत होती. हाच खोकला. मी तिले अडुळसा पाजला, मध चाटवला, गंडा बांधला. भट्टी काही बंद केली नाही. समजलं का मी काय म्हणून राहिलो ते?"

"पण माहा नवस हाय बाबाजी. विस्तव विझला तं मातामाय..."

"तुही मातामाय माय हाय का कोन हाय?" तो भडकला. "पोटुशी बाईले कोंडून तिले धूर खाऊ घाल म्हणते का ते? जन्मभर धुपाटणी घडवली मी. गावोगावच्या देवळात हायत माह्या हातची. पण देवळाचं दार उघडं असते. देवाले धूप दे, बाईले कायले देतं? जा, दवाखान्यात ने तिले. मले काम हाय." आणि तो पुन्हा लोटा घासायला लागला, आम्ही तिथं नसल्यासारखा.

मी बाहेर सडकेवर आलो. राग इतका आला होता की कान तापले होते. एका दुकानदारानं मला माझा देव शिकवावा? स्टँडवर साकोलीची गाडी लागली होती. कंडक्टर ओरडत होता, लाखनी, साकोली, साकोली. आमच्या गावची दोन माणसं खिडकीतून हात करत होती. मी पाय उचलला आणि मागं पाहिलं. पारबता कपड्यांचं गाठोडं छातीशी धरून उभी होती, चेहरा राखेसारखा. ती काहीच म्हणत नव्हती. दोन महिने तिनं धुपाबद्दल काहीच म्हटलं नव्हतं.

त्या क्षणी मला दोन्हीकडून भीती वाटत होती. गाडीत बसलो तर हा खोकला तिला खातो. नाही बसलो तर आज संध्याकाळी विस्तव विझतो, आणि मातामाय कोपली तर तिच्यापुढं कोण डॉक्टर आणि कोण म्हातारा. आयुष्यात इतका भ्यालो नाही. रस्त्याच्या कडेला पिंपळाचा पार होता. मी थैलीतलं खापर आणि डिंकाची पुरचुंडी त्या पारावर ठेवली. पुरचुंडी सुटून डिंक सांडला. मनात म्हटलं, "माय, विस्तव विझला तं माह्यावर कोप. तिच्यावर नोको. आता मले काही समजत नाही, तूच पाय." दोन महिन्यांत मी पहिल्यांदाच तिला कसला नवस न करता बोललो होतो.

"चाल," मी पारबताला म्हटलं.

"कुठी?"

"दवाखान्यात."

ती माझ्या पुढं चालायला लागली.

डॉक्टरीणबाईंना मी सगळं सांगितलं. त्यांनी पारबताच्या छातीला पुन्हा नळी लावली. मग म्हणाल्या, "मी सकाळी विचारलं होतं तुम्हाला."

"तुमी धूर इचारला जी. हा देवाचा होता."

"छातीला ते कळत नाही हो," त्या म्हणाल्या. रागावून नाही, थकून म्हणाल्या. त्यांनी पारबताला खिडकीजवळची खाट दिली आणि खिडकी अर्धी उघडी ठेवायला सांगितली.

गुरुवारी खोकला तसाच होता. माझा जीव थाऱ्यावर राहिला नाही. वाटलं, म्हातारा चुकला, मी त्याच्यापायी नवस मोडला. घरी खापर गार पडलं असेल आणि पाळीवरची ती माझ्या वाटेकडं डोळे लावून बसली असेल. दवाखान्याच्या आवारात लोक तीन विटा मांडून भात शिजवायचे, त्यांच्या चुलींकडंही मला पाहवेना. शुक्रवारी सकाळी मात्र पारबताला सलग झोप लागली. उठून तिनं पेज घेतली. दुपारपर्यंत दोनदाच खोकली. मी तिच्याकडं असा पाहत होतो की तिला हसू आलं.

"मले तवाच वाटे," ती म्हणाली. "तुमी शेतावर गेले का मी खिडकीतलं तणस जरासं ओढून तोंड लावून बसो. तेवढंच बरं वाटे."

"मंग बोलली काहून नाही?"

"तुमी आईकलं असतं का?"

ती पुढं म्हणाली, "अन् मलेही भेव वाटे जी. पहिलं माह्याच पोटातून गेलं. वाटे, तुमी म्हणता तेच खरं असंल."

शनिवारी सकाळी चहा पिताना तिच्या हातातला कप हलला. तिनं माझं मनगट धरलं. कळ होती. सोमवारला अजून दोन दिवस होते. सिस्टर धावली, डॉक्टरीणबाई आल्या, पोटावर हात ठेवून थांबल्या आणि म्हणाल्या, "आता सोमवार विसरा. हिला आत घ्या." पारबताला त्यांनी समजावलं, पाठीत सुई देणार आहे, मी सांगेन तेवढा वेळ खोकायचं नाही, हलायचं नाही. जमेल? पारबता म्हणाली, "जमल जी." मला वाटेतच म्हणाली, "तुमी उगी बसा. धावाधाव करू नोका." आणि दार बंद झालं.

बाहेर बाक होता. मी त्यावर बसलो आणि माझे हात मांडीवर उघडे पडले. दोन महिन्यांत एवढ्या भीतीत मी असा रिकामा कधी बसलो नव्हतो. भीती वाटली की उठायचं, विस्तव फुंकायचा, मूठ टाकायची, काहीतरी केल्यासारखं वाटायचं. आता करायला काही नव्हतं. मी फक्त कान त्या दाराला लावले होते. मला एकच आवाज येईल असं वाटत होतं, ढासेचा. आता येईल, आता सुई हलेल, आता काहीतरी उसवेल. तोंडानं नाव घ्यावं म्हटलं तर नावही आठवेना. नुसतं माय, माय एवढंच निघत होतं, आणि ते मातामायला होतं की माझ्याच मायला, मला माहीत नाही.

मी खोकला ऐकायला बसलो होतो आणि आतून रडणं आलं. पहिल्यांदा मला ते रडणं आहे हेच समजलं नाही. आमच्या पहिल्याचं मी ऐकलंच नव्हतं ना. तीच आयाबाई दार उघडून आली आणि म्हणाली, "पोट्टी झाली भाऊ. आता तरी विस्तव मागू नोका." मी तिच्या पायावर डोकं ठेवायला गेलो, ती लाजून मागं सरली.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तेव्हा मी विचारलं, ती कशी आहे. बरी आहे म्हणाल्या. हात पुसत दोन पावलं गेल्या आणि थांबून म्हणाल्या, "आतला टाका कागदाएवढा पातळ झाला होता." एवढंच बोलल्या. बुधवारी त्या गाडीत बसलो असतो, तर शनिवारी सकाळी ती कळ आमच्या त्या कोंडलेल्या खोलीत आली असती. मी आधी विस्तव फुंकला असता. मग बैलबंडी जुंपली असती. मग सडकेवर ट्रकची वाट पाहिली असती. पुढचं मी आजवर पूर्ण मनात आणू शकलो नाही.

नंतरचे दिवस पारबताला खोकला आला तरी सिस्टरनं शिकवल्याप्रमाणे ती पोटावर उशी दाबून धरायची. मोजक्याच वेळा आला. टाके राहिले.

घरी आलो तेव्हा लेकरू मायच्या हातात दिलं आणि मी भीतभीत खोलीत गेलो. खाट बाजूला होती. खापर कोपऱ्यात सरकवलेलं होतं, आणि त्या गार राखेत आमची कोंबडी पंख पसरून बसली होती. माझ्याकडं तिनं अशी मान वाकडी करून पाहिलं की मी दारातच थांबलो. माय मागून म्हणाली, "तुमी गेले त्याच सांजेले विझला रे तो. माह्यानं फुंकणं होईना. मंग हे जाऊन बसली. नवू अंडे हायत. बसू दे, उबवून राहिली." मला जे वाटलं ते मी कोणाला सांगितलं नाही. खिडकीतलं तणस काढलं, तेवढ्यानं उजेड पडला, आणि मी जमिनीवर बसून रडलो.

दोन महिन्यांनी भंडाऱ्याला गेलो तेव्हा त्या दुकानात नारळ घेऊन गेलो. म्हातारा होता तसाच, लोटा घासत. मी सगळं सांगितलं. त्यानं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "नाही आठवत गा. दिसाची किती माणसं येतेत." मग नारळ कानाशी हलवून पाहिला आणि म्हणाला, "पाणी हाय. बरं, तुले पायजे काय? धुपाटणं दाखवू का? नवीन मालातलं हाय." मला हसू आलं आणि डोळ्यात पाणीही आलं. लोक म्हणतात, अशा वेळी माणूस नाहीसा होतो, शोधायला गेलं तर तिथं कोणीच नसतं. माझा म्हातारा होता, खोकत होता, आणि मला धुपाटणं विकायला बघत होता. देव त्याच्या तोंडून बोलला असेल तर त्यालाही न सांगता बोलला. मी त्याच्याकडून पितळेचा एक तांब्या घेतला.

त्या दिवसापासून मी मातामायला धूप दिला नाही. तांब्याभर पाणी नेऊन दगडांवर घालतो. गावात काही जण म्हणाले, हा पोरगी झाली म्हणून देवीवर रुसला. पारबता त्यांना परस्पर ऐकवायची. म्हणायची, "रुसाले ते काय सोयरी होय का तुमच्यावानी?" पोरगी मोठी झाली, सासरी गेली, तिची लेकरं आता कॉलेजात आहेत. तिला कोणताही खोकला आला की आम्ही दोघंही एकमेकांकडं पाहायचो.

मागच्या पौषात पारबता गेली. शेवटचं पाणी तिला मी त्याच तांब्यातून पाजलं. बाया जमल्या, कोणीतरी रीतीप्रमाणे उशाशी राळेचा धूप आणून ठेवला. मी उठलो, ते बाहेर अंगणात नेऊन ठेवलं आणि तिच्या डोक्याशी असलेली खिडकी उघडली. थंडी आत आली.

मी तिला कधी म्हटलं नाही की चुकलो. त्या काळात नवरे असं म्हणत नसत, आणि नंतर वेळ गेला. तिला ते माहीत होतं, एवढाच आधार आहे. मला जे समजलं ते थोडं आहे. मी जे भक्ती म्हणून करत होतो त्यात माझ्या भीतीचाच हात जास्त चालत होता. हात थांबले तेव्हा कुठं मातामायला काही करायला जागा झाली. आता गुडघे धरत नाहीत, तरी दर सकाळी हळूहळू पाळीवर जातो. पाणी घालतो. मागायला काही राहिलं नाही. फक्त म्हणतो, माय, पारबता तुह्यापाशी आली असंल. तिले खिडकीजवळ ठेव.